स्पंजावर राहणारी ठिपक्यांची समुद्री गोगलगाय : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकहून मुंबईचा समुद्र रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या पुढे. तरी शाळांमधल्या स्लाइड-शोनंतर आणि फोनवर सगळ्यात जास्त विचारणा होते ती या पांढऱ्या-काळ्या जिवाची. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.

१. ही गोगलगाय नेमकी कोणती? तिला मराठी नाव आहे का?

शास्त्रीय नाव जोरुन्ना फ्युनेब्रिस. शिंपले, शंख, माकूळ ज्या मृदुकाय प्राण्यांच्या संघात येतात त्यातलीच ही, फक्त अंगावर शंख नाही. एडवर्ड केलार्ट या सिलोनच्या डॉक्टर-निसर्गअभ्यासकाने १८५९ मध्ये तिचं पहिलं वर्णन केलं. रूढ मराठी नाव नाही. आम्ही सरळ 'ठिपक्यांची समुद्री गोगलगाय' म्हणतो.

लांबी साधारण पाच सेंटिमीटर, काही त्याहून मोठ्या. अंग पांढरट, त्यावर काळे किंवा गडद तपकिरी गोल डाग. पुढे दोन गडद रंगाची शिंगं, मागच्या बाजूला पाठीवर कल्ल्यांचा तुरा. हात न लावताही अंग मखमली दिसतं. भिंगातून पाहिलं तर ती मखमल म्हणजे हजारो बारीक उंचवटे असतात. प्रत्येक उंचवट्याच्या मधोमध एक गुबगुबीत गाठ आणि तिच्याभोवती उभ्या सुयांचं कडं. काळा डाग हा नुसता रंग नसतो. तिथले उंचवटे गडद असतात, आजूबाजूचे फिके, म्हणून डाग दिसतो. फोटोवरून ओळख पटवताना हे फार कामाला येतं (प्रश्न १२ पाहा).

२. सर, पावसाळ्यात आमच्या निफाडच्या बागेत शेंबी येते, तीच का ही? हिच्यावर मीठ टाकलं तर मरेल?

नातं आहे, पण लांबचं. बागेतली शेंबी हवेत श्वास घेते, कोवळी पानं कुरतडते. समुद्रातली ही कल्ल्यांनी श्वास घेते आणि पानाला तोंड लावत नाही. ती पूर्ण मांसाहारी आहे.

मिठाचं म्हणाल तर समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि तिचा जन्मच त्यात होतो. शेंबीवर मीठ पडलं की तिच्या अंगातलं पाणी बाहेर खेचलं जातं. या समुद्री गोगलगायीला मरण येतं ते उलट बाजूने. गोड्या पाण्यात टाकली तर पाणी अंगात शिरत जातं आणि ती फुगून मरते. मुलांना हा उलटा हिशोब फार आवडतो; शेतकऱ्यांना मात्र 'मग आमच्या शेंबीचं काय करायचं' हेच हवं असतं. त्यासाठी कृषी सहायकाला गाठा, तो विषय या पानाचा नाही.

३. व्हॉट्सअ‍ॅपवर एक कान हलवणारा 'समुद्री ससा' फिरतोय. तो हाच ना?

जवळपास. तो व्हिडिओ बहुतेक वेळा जोरुन्ना पार्वाचा असतो, म्हणजे हिच्याच प्रजातीकुळातल्या धाकट्या बहिणीचा. किकुतारो बाबा या जपानी शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये तिचं वर्णन केलं आणि २०१५ मध्ये जपानमधले व्हिडिओ जगभर पसरले. ती दोनेक सेंटिमीटरचीच असते, रंगाने पांढरी, पिवळी किंवा तपकिरी-नारिंगी. फोटो अगदी जवळून घेतलेला असतो, त्यामुळे लोकांना ती मांजराएवढी वाटते.

कान म्हणजे कान नव्हेत. ती वास घेणारी शिंगं आहेत. पाण्यात विरघळलेली रसायनं त्यांनी टिपली जातात. शेपटी म्हणजे कल्ल्यांचा तुरा, आणि गुदद्वार त्या तुऱ्याच्या बरोबर मध्यभागी असतं. हे सांगितल्यावर वर्गात काय होतं ते शिक्षकांना सांगायला नको. धोका जाणवला की शिंगं आणि तुरा दोन्ही आत ओढून घेतले जातात, मग पाठीवर नुसती भोकं दिसतात.

४. स्पंज म्हणजे आंघोळीचा? तो तर प्लॅस्टिकचा असतो. वनस्पती की प्राणी?

मेन रोडवरच्या दुकानात मिळतो तो प्लॅस्टिकचा. खरा स्पंज हा प्राणी आहे. एका जागी चिकटलेला, तोंड नाही, पोट नाही, मेंदू नाही. अंगभर बारीक छिद्रं; त्यातून पाणी आत येतं, अन्नाचे कण गाळले जातात आणि मोठ्या भोकांतून पाणी बाहेर जातं.

स्पंजाला पळता येत नाही, पंजा मारता येत नाही. त्याच्याकडे बचावाची दोनच साधनं: अंगभर विखुरलेल्या सिलिकाच्या, म्हणजे काचेच्याच जातीच्या, बारीक सुया (शास्त्रात त्यांना कंटिका म्हणतात) आणि रासायनिक विषं. या गोगलगायीने दोन्हींवर मात केली आहे, पहिलीबद्दल प्रश्न ६, दुसरीबद्दल ७ आणि ८.

५. ती स्पंजावर राहते की स्पंज खाते?

दोन्ही. तिचा संसार आणि स्वयंपाकघर एकाच जागी. हिची आवड ठरलेली आहे: झेस्टोस्पॉन्जिया आणि त्याच्या नात्यातले स्पंज, त्यातही बऱ्याचदा निळ्या रंगाचे. निळ्या स्पंजावर ही पांढरी-काळी गोगलगाय लांबूनही उठून दिसते. ती चरत जाते तशी मागे ओरबाडल्यासारखी फिकी वाट राहते. जाणकार डुबकीबहाद्दर आधी गोगलगाय शोधत नाहीत, स्पंज शोधतात, मग त्या स्पंजावर अशी वाट दिसते का ते पाहतात.

स्पंज खाणाऱ्या सगळ्याच गोगलगायी अशा उठून दिसत नाहीत. रोस्टांगा नावाचा गट लाल स्पंजावर राहतो. तो स्पंजातलाच रंग अंगात घेऊन लाल होतो, आणि अंडीही लाल घालतो. स्पंजावर बसलेली असूनही ती नजरेतून सुटते. एकीने लपण्याचा मार्ग धरला, दुसरीने 'मी कडू आहे, लांब राहा' अशी जाहिरात करण्याचा. माझं मत विचाराल तर रोस्टांगाची करामत जास्त भारी आहे, पण फोटोला लाइक्स ठिपकेवालीलाच मिळतात.

६. स्पंजात काचेच्या सुया असतात म्हणता. मग हिचं तोंड कसं फाटत नाही?

तिच्या तोंडात आकड्यांसारख्या वळलेल्या बारीक दातांच्या ओळींची एक पट्टी असते. ती पुढे-मागे सरकवून ती स्पंजाचा मऊ भाग खरवडून काढते. दात झिजले की मागून नवे पुढे सरकतात. सुया गिळल्या जातातच, पण पचत नाहीत. विष्ठेतून जशाच्या तशा बाहेर पडतात. संशोधकांना याचा मोठा उपयोग होतो. स्पंजांच्या कंटिका आकाराने वेगवेगळ्या असतात, तेव्हा गोगलगायीच्या आतड्यातल्या सुया सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिने काय खाल्लं होतं हे ठरवता येतं.

प्रश्न १ मध्ये पाठीवरच्या सुयांचा उल्लेख आहे. त्या स्पंजाकडून उसन्या घेतलेल्या नाहीत. तिच्या स्वतःच्या आहेत आणि त्यात मुख्यतः कॅल्शियमची संयुगं असतात, सिलिका नव्हे. हा गोंधळ अगदी प्राध्यापकांकडूनही होतो.

७. विषारी आहे का? हात लागला तर काय होईल?

ती चावत नाही, डंखही मारत नाही. तिचं विष अंगात आणि चिकट द्रवात असतं, खाणाऱ्याला धडा शिकवण्यासाठी. त्यामुळे मासे सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. तुमचा हात चुकून लागला तर घाबरण्यासारखं काही नाही, धुवून टाका. तरी मुद्दाम लावू नका, कारण उचलताना तिच्या पायाची पकड सुटते, कल्ले दुखावतात आणि लाटेने ती स्पंजापासून दूर फेकली जाऊ शकते.

'पण मुंबईत एका निळ्या गोगलगायीने डंख मारला होता ना?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. ती ग्लॉकस, निळी ड्रॅगन. ती पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगते आणि पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉरसारख्या प्राण्यांना खाऊन त्यांचेच डंख स्वतःच्या अंगात साठवते. तिला हात लावायचाच नाही. स्पंज खाणाऱ्या आमच्या ठिपकेवालीकडे असे डंख येणार कुठून? स्पंजाकडे डंख नसतातच.

८. हे विष ती स्वतः बनवते की स्पंजाकडून घेते?

साधं उत्तर: स्पंजाकडून. पुरतं उत्तर जरा लांबतं, पण मला यातच सगळ्यात जास्त गोडी आहे.

निळ्या स्पंजांमध्ये रेनिएरामायसिन नावाच्या गटातली रसायनं सापडतात. २००० साली या गोगलगायीच्या पाठीच्या आवरणातून आणि चिकट द्रवातून त्याच घराण्यातलं एक नवं रसायन वेगळं काढलं गेलं, त्याला जोरुमायसिन म्हणतात. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञही होते. द्रवातसुद्धा हे रसायन असणं महत्त्वाचं आहे. माशाने तोंडात धरताक्षणी चव कळते आणि गोगलगाय मरायच्या आधी सुटते.

मग २०१९ मध्ये आणखी एक पायरी खाली उतरता आली. हॅलिक्लोना स्पंजांच्या अभ्यासात दिसलं की रेनिएरामायसिन स्पंजाच्या पेशींच्या आत राहणारे जिवाणू बनवतात. म्हणजे जिवाणूंनी बनवायचं, स्पंजाने त्यांना आपल्या पेशींत घर द्यायचं आणि गोगलगायीने आयतं पळवायचं. तिला स्वतःला ते का बाधत नाही, हा प्रश्न आठवीतल्या मुलांनी हमखास विचारावा इतका सरळ आहे, आणि प्रयोगशाळेसाठी तितकाच अवघड.

९. ताई, 'ही गोगलगाय खाल्ली की कॅन्सर जातो' असा मेसेज आलाय. माझ्या काकूंची केमो चालू आहे. मिळेल का कुठे?

नाही, आणि शोधूही नका. मेसेजच्या मागे खऱ्याचा एक धागा आहे, त्यामुळे तो पटतो. धागा हा: जोरुमायसिन प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींना मारतं. पण ते इतर पेशींनाही मारतं, आणि काचेच्या बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. जोरुमायसिन हे मान्यताप्राप्त औषध नाही. त्यावरून बेतलेल्या झॅलिप्सिस नावाच्या कृत्रिम रेणूच्या माणसांवर चाचण्या झाल्या, पण तेही औषध म्हणून बाजारात आलं नाही.

याच रासायनिक घराण्यातलं एक औषध मात्र खरंच वापरात आहे. ट्राबेक्टेडिन. ते मूळ सापडलं कॅरिबियन भागात खारफुटीच्या मुळांवर वाढणाऱ्या एका पिशवीसारख्या समुद्री प्राण्यात. सॉफ्ट टिश्यू सार्कोमा या कर्करोगासाठी युरोपात २००७ मध्ये आणि अमेरिकेत २०१५ मध्ये त्याला परवानगी मिळाली. ते शिरेतून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. आता ते प्राण्यांतून गाळूनही काढत नाहीत, कारखान्यात बनवतात. जोरुमायसिनही कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या रसायनशास्त्रज्ञांनी नव्या, कमी पायऱ्यांच्या मार्गाने बनवून २०१९ मध्ये जाहीर केलं. संशोधनासाठीसुद्धा गोगलगायी गोळा करायची गरज पडू नये, हा त्याचा एक फायदा.

काकूंना काहीही 'नैसर्गिक' द्यायच्या आधी त्यांच्या केमोच्या डॉक्टरांना विचारा. केमो चालू असताना यकृतावर आधीच ताण असतो.

१०. गंगापूर धरणात किंवा गोदावरीत सापडेल का?

नाही. गोड्या पाण्यात ही जगत नाही; कारण प्रश्न २ मध्ये आलंय. गंमत अशी की स्पंज मात्र गोड्या पाण्यात असतात. महाराष्ट्रातल्या नद्या-तलावांमध्ये दगडाच्या सावलीच्या बाजूला हिरवट-करड्या पापुद्र्यासारखे ते वाढतात आणि लोक त्यांना शेवाळ समजून खरवडून टाकतात. हेन्री कार्टर या ब्रिटिश डॉक्टर-निसर्गअभ्यासकाने मुंबईतल्या गोड्या पाण्याच्या स्पंजांवर १८४९ मध्येच लिहिलं होतं.

आणि हो, अरबी समुद्र जवळ असला तरी ब्रह्मगिरीवरचं गोदावरीचं पाणी जातं बंगालच्या उपसागराला. नाशिक जिल्ह्यातून अरबी समुद्राकडे जाणारं पाणी पाहायचं तर पेठ-दिंडोरीकडच्या दमणगंगेला विचारा.

११. मग बघायची तर कुठे? आणि ओहोटीची वेळ कशी काढायची?

जगात तिचा पसारा तांबड्या समुद्रापासून आणि पूर्व आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलिया-जपानपर्यंत आहे. आपल्याकडे कच्छचं आखात, मन्नारचं आखात, लक्षद्वीप, अंदमान. यातल्या कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ पासूनचं. जामनगरजवळ नरारा इथे ओहोटीच्या वेळी परवानगी काढून प्रवाळांमधून चालत जाता येतं. पोहता न येणाऱ्यांसाठी तोच मार्ग. नाशिकला सगळ्यात सोयीचे म्हणजे मुंबईचे खडकाळ किनारे. तिथे इतर अनेक समुद्री गोगलगायी दिसतात आणि नजर तयार व्हायला त्या पुरेशा आहेत. 'ठिपकेवालीच दाखवा' असा हट्ट धरून जाल तर चिडून परत याल.

मालवणला स्कूबा करताना दिसेल का, हाही प्रश्न येतो. पहिल्यांदा उतरणाऱ्याला शिकवणारा धरून ठेवतो, वेळ थोडा असतो, मासे बघण्यातच तो जातो. पाच सेंटिमीटरच्या जिवासाठी संथपणे एका खडकाजवळ थांबावं लागतं.

वेळेसाठी कोकणातला जुना हिशोब अजून चालतो. भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी घ्या, शुद्ध असो वा वद्य, तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची घड्याळी वेळ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे ओहोटी पावणेदहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावस्येला भरती सव्वाअकराच्या आसपास, ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाच-सहाला. अर्धा तास इकडेतिकडे होतो. पाणी सगळ्यात लांब हटतं ते उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावस्या आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा ओहोटीही अर्धवट. थोडक्यात द्वितीयेला जा: ओहोटी साडेसातला, उजेडही असतो, आणि नाशिकहून रात्री अडीच-तीनला निघून कसारा घाट उतरता येतो. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी खडकावर पोचा आणि पाणी वळलं की निघा. जून ते सप्टेंबर जाऊ नका.

१२. फोटो पाठवतोय. ही तीच आहे का?

बऱ्याचदा नसते. तीन गोष्टी तपासा. मागे कल्ल्यांचा तुरा आहे? पुढे दोन शिंगं आहेत? डाग मखमली आहेत की गुळगुळीत?

शिंगं आहेत, पण पाठीवर तुराच नाही आणि अंगावर टणक फोड आहेत, तर ती फिलिडिएला गटातली. काळ्या अंगावर गुलाबी-पांढरे फोड असतात, तीही स्पंजच खाते, आणि तिचे कल्ले अंगाच्या खालच्या कडेला असतात. तुरा नाही, अंग कागदासारखं पातळ आणि कडा लहरत चालते, तर ती गोगलगायच नव्हे, चपटा कृमी आहे. आता अडचणीचं: तुरा आत ओढलेला असेल (प्रश्न ३) तर पहिली कसोटी फसते. अशा वेळी मागच्या भागावर गोल भोक शोधा. तेही फोटोत येत नसेल तर खात्रीने कुणी नाव सांगत असेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका, आमच्यावरही.

१३. स्पंज जवळपास कुठेच नव्हता, वाळूवर चालत होती. मग 'स्पंजावर राहणारी' कशी?

असं होतं. खाऊन संपलेला स्पंज सोडून दुसरा शोधायला ती निघते, जोडीदाराच्या शोधात निघते, लाटेने घसरते. जोडीदार मिळणं तसं सोपं आहे, कारण प्रत्येक गोगलगाय उभयलिंगी असते. नर-मादी ओळखायचा प्रश्नच नाही. दोघी उजव्या बाजू एकमेकींना लावतात, दोघीही शुक्राणू देतात-घेतात आणि दोघीही अंडी घालतात. अंड्यांची फीत असते, कडेवर उभी, चकलीसारखी गुंडाळलेली. त्यातून निघणाऱ्या पिल्लाला चक्क शंख असतो. ते प्रवाहाबरोबर तरंगत जातं, योग्य खुणा मिळाल्या की तळाला बसतं आणि शंख टाकून देतं. म्हणून आयुष्याचा पहिला काळ ती स्पंजापासून दूरच असते.

१४. खाऱ्या पाण्याचा टँक आहे. दुकानदार आणून देतो म्हणतोय. घेऊ का?

घेऊ नका. तिला ठरावीक स्पंजच लागतो. तो टँकमध्ये जगवणं तिच्याहून अवघड. माशांचं खाणं, पालक, कोळंबी, काहीही टाका, ती उपाशीच राहते आणि हळूहळू आकसत जाते. काही आठवडे जिवंत दिसते, त्यामुळे 'टिकली की' असं वाटतं. शिवाय ती मेली तर अंगातली रसायनं टँकच्या पाण्यात उतरू शकतात आणि माशांवर बेतू शकतं.

१५. हॉटेलात मिळते का? चव कशी?

मिळत नाही. चवीबद्दल माशांचं मत प्रश्न ७ मध्ये.

१६. मुलीला विज्ञान प्रदर्शनासाठी बाटलीत नमुना हवाय. एक आणली तर काय बिघडतं?

स्पिरिटच्या बाटलीत तिचा रंग जातो, शिंगं आणि तुरा आत जातात. उरतो तो एक करडा गोळा, ज्यावरून परीक्षकाला काहीही कळत नाही. शिवाय राष्ट्रीय उद्यान किंवा मालवणसारख्या अभयारण्यातून (ते १९८७ पासून संरक्षित आहे) काहीही उचलणं गुन्हा आहे.

त्याऐवजी बागेतली शेंबी काचेच्या पट्टीवर ठेवा आणि खालून भिंगाने बघा. पायाच्या स्नायूंच्या लाटा मागून पुढे जाताना स्वच्छ दिसतात. पट्टीवर पिठाच्या पातळ खळीचा थर देऊन तो वाळवलात, तर खरवडतानाचं तोंडही दिसतं. बघून झालं की शेंबी परत सोडा. द्राक्षबागेत मात्र नको.